दोरीपलीकडे बसलेली आई

मल्लेश्वरमहून हेब्बाळकडे जाणाऱ्या बसमध्ये कावेरक्का कंडक्टर असली, की दारात कोंडाळं करून उभी राहिलेली पोरं आपणहून आत सरकतात. ती आवाज चढवत नाही. त्या कोंडाळ्यातला एक निवडते, त्याच्यासमोर जाऊन उभी राहते आणि विचारते, "कुठं उतरणार, बाळ? घरी कोण वाट बघतंय?" घोळक्यात वाघ असलेला पोरगा एकटा सापडला की मांजर होतो, हे तिला नोकरीच्या पहिल्याच वर्षात कळलं होतं. पुढची सगळी नोकरी तिने त्या एका शहाणपणावर काढली.

तिचं नाव कावेरी शिंदे. शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आलेल्या घराण्यांपैकी आपण, असं तिचे सासरे सांगत. कागद कुणी पाहिला नव्हता, पण सांगताना सासऱ्यांची मान ताठ व्हायची, आणि घराला तेवढा पुरावा पुरत होता. घरात मराठी बोलतात, पण ती मुरली आहे कन्नडमध्ये. आईला अम्मा, काकाला चिकप्पा, आणि पानात वाढताना 'पुरे' म्हणायचं तर 'साकु'. दाराबाहेर पाऊल टाकलं की मराठी घरीच राहते. बाजार, शाळा, रिक्षा, भांडण, सगळं कन्नडमध्ये.

कावेरीचा नवरा मुलगा शाळेत असतानाच गेला. मुलाला, हर्षला, धाकट्या दिराने सांभाळलं. हा दीर भीमसेन, म्हणजे भवानी कबड्डी संघाचा जन्माचा प्रशिक्षक. त्याने पोराला मॅटवर आणलं, आणि दोन-तीन वर्षांतच मल्लेश्वरमच्या गल्ल्यांत लोक हर्षला त्याच्या जर्सीच्या आकड्याने ओळखू लागले. सात नंबर. चढाईला गेला की रिकाम्या हाताने परत येत नाही, अशी त्याची ख्याती झाली. दिवसा तो मोटारसायकली दुरुस्त करायचा, पण ते काम करताना त्याचा अर्धाच जीव तिथे असायचा. पुरा हर्ष फक्त मॅटवर दिसायचा.

कावेरीने मात्र तो पुरा हर्ष कधी पाहिला नव्हता. कारण घरात एक रीत होती. आजे-पणजे कुस्ती खेळायचे तेव्हापासूनची. खेळणाऱ्याच्या आईने मैदानावर पाऊल ठेवायचं नाही. दृष्ट लागते ती आधी मायेची, परक्याची नंतर, असं सासू म्हणायची. त्यामुळे सामना असला की कावेरी घरात बसायची, आणि पोरगा परतला की उंबऱ्यावरच त्याच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकायची. ही रीत तिच्या एकटीच्या घरातली नव्हती. भवानी संघातल्या सगळ्याच घरांतून ती पाळली जायची, आणि हळूहळू गल्लीतल्या कन्नड, तमिळ घरांनीही उचलली होती. भवानीच्या सामन्याला बापे, काके, मामे, शेजारी सगळे हजर. आई एकही नाही.

गेल्या वर्षी रामनवमीच्या स्पर्धेत जे घडलं, ते म्हणूनच तिला फोनवरून कळलं.

स्पर्धा एका शाळेमागच्या पटांगणात भरते. मॅट अंथरतात, चारी बाजूंना काथ्याची दोरी ताणतात, आणि लोक त्या दोरीला गुडघे टेकवून बसतात. खेळाडूचा घाम बघणाऱ्याच्या अंगावर उडावा इतके जवळ. त्या दिवशी उपांत्य सामना होता, समोर हेब्बाळचा संघ, सूर्योदय बळग. त्यांची माणसं ढोल घेऊन आली होती आणि पहिल्या चढाईपासून हर्षच्या नावाने शिव्या चालू होत्या. कन्नड शिव्यांनी हर्षचं काही बिघडत नव्हतं. त्या तो शाळेपासून ऐकत आणि परत करत आला होता. पण त्या गर्दीत आशय नावाचा एक तरुण होता. त्याचे आईवडील वडिलांच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमुळे नाशिकहून आलेले, आशय वाढला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये, सूर्योदयच्या पोरांबरोबर, आणि आता इलेक्ट्रॉनिक सिटीत मोठ्या पगारावर कामाला. निवेदकाने 'शिंदे' हे आडनाव पुकारलेलं त्याने ऐकलं. मग तो मराठीत सुरू झाला. हर्षची आई बसमध्ये कंडक्टर आहे हेही कुणीतरी त्याला पुरवलं होतं. ती बसमध्ये पुरुषांशी काय करते, कुणाला कसलं तिकीट देते, हे तो पाऊण सामना, प्रत्येक चढाईला, हसत हसत विचारत राहिला.

हर्षने बाहेरच्या जगात मराठी फारशी ऐकलीच नव्हती. ती स्वयंपाकघरातली भाषा, अम्माच्या तोंडची. त्याच भाषेत अम्माबद्दल ते ऐकताना त्याच्या डोक्यात काय झालं, ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. चढाई करून परतताना तो मध्यरेषेकडे वळलाच नाही. सरळ दोरीवरून उडी मारून गर्दीत घुसला. आशयचा जबडा मोडला. सूर्योदयच्या लोकांनी हर्षला खाली पाडून तुडवलं, त्याची भुवई फाटली. मग भवानीचे खेळाडू दोरी ओलांडून आले, खुर्च्या उडाल्या, ढोल फुटला, आणि शेवटी पोलिसांनी पटांगण रिकामं केलं.

भीमसेनने आशयच्या घरी जाऊन हात जोडले, तेव्हा कुठे पोलिसातली तक्रार मागे घेतली गेली. जिल्हा संघटनेने हर्षला वर्षभर बाहेर बसवलं आणि लिहून कळवलं, की पुन्हा प्रेक्षकाच्या अंगाला हात लागला तर जन्मात मॅटवर पाय ठेवता येणार नाही. हर्षने आईला कारण सांगितलं नाही. कोणीतरी काहीतरी बोललं, एवढंच.

ते वर्ष सरलं. यंदाच्या रामनवमीच्या स्पर्धेत हर्ष पुन्हा उतरला, भवानी अंतिम फेरीत पोचला, आणि समोर आला सूर्योदय. झालं. हेब्बाळच्या पोरांच्या मोबाईलवर पैजा लागल्या, की मध्यंतराच्या आत सात नंबरला पुन्हा दोरी ओलांडायला लावू. तो मजकूर फिरत फिरत भीमसेनपर्यंत आला. अंतिम सामन्याला चार दिवस होते. भीमसेन वहिनीकडे आला आणि म्हणाला, की यंदा हर्षला राखीवच ठेवतो.

हर्ष तिथेच बसला होता. तो भांडेल असं कावेरीला वाटलं, पण त्याने मान खाली घातली. "चिकप्पा बरोबर सांगतोय, अम्मा," तो म्हणाला. "मी हात उचलणार नाही म्हणून रोज स्वतःला बजावतो. पण मला माझीच खात्री नाही."

तो उठून बाहेर गेल्यावर कावेरीने दिराला विचारलं, की गेल्या वर्षी नेमकं बोललं कोण आणि काय. भीमसेनने चहाचा पेला खाली ठेवला. मग शब्द चाळून चाळून, अर्धे गिळून सांगितलं.

कावेरीला आधी हसू आलं. बसमध्ये याहून वाईट तिने पाठीमागच्या गर्दीतून ऐकलं होतं आणि ऐकवणाऱ्याला पुढच्या थांब्यावर उतरवलंही होतं. मग तिचा चेहरा बदलला.

"भीमण्णा, त्या पोराने मला कधी पाहिलंय?"

"कसं पाहणार, वहिनी? तुम्ही येता कुठं."

"मग त्याने शिवी दिली कुणाला?" ती म्हणाली. "सगळ्या मैदानात आईचा उद्धार चाललेला असतो, आणि आई एकही नाही. मला नाही पाहिलं म्हणून त्याची जीभ चालली. बसमध्ये माझ्या तोंडावर कोणी बोलून दाखवावं."

भीमसेनला हे कुठे चाललंय ते कळेना. कावेरीने त्याला सांगितलं, की हर्ष खेळणार, आणि ती स्वतः मैदानावर येणार. आणि भवानीच्या बाजूला नाही बसणार, सूर्योदयच्या लोकांत, दोरीजवळ, पुढच्या रांगेत. आणि ती एकटी नाही, संघातल्या सगळ्यांच्या आया तिच्याबरोबर. भीमसेन उभाच राहिला. दृष्ट, रीत, वाडवडील, सगळं त्याने एका दमात काढलं. आईची नजर लागली तर पोराचा पाय मोडेल, म्हणाला.

"गेल्या वर्षी एकाही आईची नजर नव्हती," कावेरी म्हणाली. "तरी भुवई फुटलीच की नाही?"

भीमसेन पुन्हा खाली बसला. आयांना पटवायला कावेरीला दोन संध्याकाळी लागल्या. एकीचा नवरा नको म्हणत होता, एकीला वाटत होतं की पोरगा हरला तर जन्मभर आपल्यालाच बोल लावेल. कावेरीने प्रत्येकीला एकच विचारलं: तुझ्या पोराला खेळताना बघावंसं तुला कधीच वाटलं नाही? हा प्रश्न आजवर त्यांना कोणी केला नव्हता. पाच नंबरची आई तर रडायलाच लागली.

आता उरल्या सूर्योदयच्या आया, त्याही आजवर कधी मैदानावर न आलेल्या. त्या भवानीच्या लोकांत बसायला हव्यात, नाहीतर हिशेब एका बाजूचा राहील आणि भवानीची टगी पोरं मोकाट सुटतील, हे कावेरीला दिसत होतं. आपल्याकडची पोरं काही संत नव्हती. हे काम मात्र तिने बसमध्येच उरकलं. बायकांना फुकट तिकीट झाल्यापासून हेब्बाळच्या निम्म्या बायका तिच्याच बसने येत-जात, आणि कोणाचा मुलगा सूर्योदयमध्ये खेळतो हे तिकीट देता देता तिला कळत गेलं. "रामनवमीला गुळाचं पानक प्यायला बन्नी, या," ती सांगायची, "आणि तुमच्या पोराला बघा तरी." आधी तिला वेड लागलंय असं त्यांना वाटलं. सात नंबरची आई ही, असं कळल्यावर एकदोघींनी तोंड फिरवलं. मग त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्या भाजीवालीने मोठ्याने जाहीर केलं, की आपण येणार, आपल्या नातवाला खेळताना बघायची आपल्याला कोणाची भीती आहे. त्यानंतर मागे राहायला कोणी तयार नव्हतं.

शेवटी कावेरी आशयच्या घरी गेली.

तळ्याच्या बाजूला उंच इमारतीतला फ्लॅट. दार आशयच्या आईने, कल्पनाताईंनी उघडलं. कावेरीने नाव सांगितल्यावर त्यांचा हात दारावरच राहिला.

"ती कंप्लेंट आम्ही विथड्रॉ केली आहे," त्या म्हणाल्या. "आता आणखी काय?"

"स्वल्प बसू का?" कावेरी म्हणाली. "जिने चढून आले. लिफ्ट बंद आहे तुमची."

कल्पनाताईंनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि मग वर्षभराचं साठलेलं बाहेर काढलं. दीड महिना मुलगा नळीने जेवला. अजून घास चावताना जबडा वाजतो. खेळ बघायला गेलेल्या मुलाला कोणी असं मारतं का? तसं मारायला नको होतं, हे कावेरीने मान्य केलं, तेही त्यांच्या डोळ्यांत बघून. मग कल्पनाताई म्हणाल्या, की त्यांच्या आशयच्या तोंडून आजवर कधी वेडावाकडा शब्द गेलेला नाही.

"तुमच्यासमोर नसेल गेला," कावेरी म्हणाली. "माझ्याबद्दल गेलाय. काय गेलाय ते मी सांगणार नाही. आईने आईला सांगायचं ते नव्हे."

कल्पनाताईंनी मागे वळून बघितलं. आतल्या खोलीत आशय कानात हेडफोन घालून काम करत होता, काचेच्या दारातून त्याची पाठ दिसत होती. कावेरीने त्याला बोलवायला सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, की परवा अंतिम सामना आहे, आशय येणारच, त्याच्या मित्रांनी पैज लावली आहे. "मी तुमच्या मुलाशेजारी बसणार आहे. तुम्हीही या. एका बाजूला मी, एका बाजूला तुम्ही."

"मला जमणार नाही," कल्पनाताई म्हणाल्या. "सॉरी. आणि मला ते सगळं, ते ग्राउंड वगैरे, बघायचंही नाही."

"सरी, ठीक आहे," कावेरी म्हणाली आणि उठली.

रामनवमीच्या दुपारी चारला पटांगण भरलं. ऊन इतकं, की मॅटवर पाणी मारून मारून माणसं थकली. दोन पोलीस झाडाच्या सावलीत खुर्च्या टाकून बसले होते. जिल्हा संघटनेचे सचिव टोपी घालून टेबलाशी बसले होते, आणि ते कोणाकडे बघतायत ते सगळ्यांना माहीत होतं. सूर्योदयची पोरं लांबीच्या बाजूला दोरीपाशी दाटीवाटीने बसली होती, नवा ढोल घेऊन. मधोमध आशय. काहीजण आधीच दोरी हलवून हर्षला खुणावत होते: ये, ये.

तेवढ्यात फाटकातून बायका आल्या. रेशमी नाही, पण जपून ठेवलेल्या साड्या, डोक्यात मोगरा, हातात स्टीलचे डबे आणि कळश्या. सणाचं पानक आणि भिजवलेल्या डाळीची कोसंबरी रामनवमीला दारोदार वाटतातच, त्यामुळे आधी कोणाला काही विशेष वाटलं नाही. पण या बायका भवानीच्या बाजूला न जाता सरळ सूर्योदयच्या गर्दीत शिरल्या.

"सरक जरा, बाळ," पहिली म्हणाली आणि दोन ढोलवाल्यांच्या मध्ये बसली. "मी पाच नंबरची आई. घे, पानक घे."

"मी दोन नंबरची."

"मी अकराची. त्याला आज ताप आहे रे, जरा सांभाळून ओरडा."

कावेरी सगळ्यांत शेवटी आली. आशय बसला होता तिथे गेली, त्याच्या शेजारच्याला खांद्याला धरून हलकेच बाजूला केलं आणि मांडी घातली. बसची खाकी तिने मुद्दाम घातली नव्हती, साधी हिरवी साडी नेसली होती. कळशीतून पेला भरून तिने आशयपुढे धरला आणि मराठीत म्हणाली, "मी सात नंबरची अम्मा. तुझा जबडा आता कसा आहे? कोसंबरी चावता येईल ना, की नुसतं पानकच देऊ?"

आशयने पेला घेतला. दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते. पलीकडच्या बाजूला, भवानीच्या टग्या पोरांमध्ये, हेब्बाळच्या बायका अशाच स्थिरावल्या होत्या, आणि म्हातारी भाजीवाली एकाला दटावत होती की पाय आवर, दोरीच्या आत जातोय.

हर्षने मॅटवरून हे सगळं बघितलं. तो भीमसेनकडे वळला, भीमसेनने वर आभाळाकडे बघितलं.

सामना सुरू झाला तेव्हा पटांगणात इतकी शांतता होती, की खेळाडूंचा दम ऐकू येत होता. पोरांची तोंडं उघडायची आणि मिटायची. मागून, झाडाजवळून, कोणीतरी सवयीने एक शिवी अर्धी काढली. पुढच्या रांगेतल्या सगळ्या बायकांनी एकदम मागे वळून बघितलं. त्यांच्या नजरेत राग दिसला नाही. कोण बोललं आणि कोणाच्या आईला, एवढंच त्यांना बघायचं होतं. उरलेली अर्धी शिवी त्या माणसाच्या घशातच राहिली.

मग काय ओरडायचं हा प्रश्न पडला. ढोलवाल्याने दोनतीनदा नुसता ठेका धरला. हळूहळू कोणीतरी "कोपरा सांभाळ" म्हणालं, कोणीतरी "घोटा धर" म्हणालं, आणि बघता बघता सूर्योदयची बाजू खेळाबद्दल ओरडू लागली. तसं ओरडणं या पटांगणात कित्येक वर्षांत झालं नव्हतं. पाच नंबरच्या आईने आपल्या मुलाची पकड झाल्यावर टाळ्या वाजवल्या, कारण पकड कोणी केली ते तिला समजलंच नव्हतं. शेजारचा ढोलवाला तिला समजावून सांगू लागला. मध्यंतर झालं. दोरी जिथल्या तिथे होती. पैज लावणारे आपापल्या मोबाईलमध्ये बघत बसले.

मध्यंतरात एक रिक्षा फाटकाशी थांबली आणि कल्पनाताई उतरल्या. गॉगल, पर्स, हातात छत्री. इतक्या गर्दीतून वाट काढायची त्यांना सवय नव्हती. कावेरीने हात वर केला. कल्पनाताई येऊन आशयच्या दुसऱ्या बाजूला बसल्या, साडी सावरली, आणि मुलाकडे न बघता म्हणाल्या, "मला कोणीतरी रूल्स सांगा."

"आई, तू कशाला—"

"तू काय बोलतोस ते ऐकायला आलेय."

आशयने नियम सांगायला सुरुवात केली.

उत्तरार्धात सूर्योदय पुढे गेला. तीन गुण, मग चार. हर्ष चढाईला आला, एकाला शिवून वळला, आणि त्याच क्षणी दोघांनी त्याला खांद्याने ढकललं. तो बाजूच्या रेषेबाहेर फेकला गेला, दोरीवर आदळला, आणि दोरीसकट पुढच्या रांगेवर कोसळला. कळशी उलटली. हर्ष पडला तो नेमका आशयच्या मांडीत.

सचिव टेबलामागून उठले. दोघे पोलीस पळत निघाले. भीमसेनने डोळे मिटून घेतले. आशयने दोन्ही हात जबड्यावर धरले होते, आणि हर्षची मूठ त्याच्या छातीशी वळलेली होती. पडताना वळलेली, की नंतर, ते कोणाला कळलं नाही. दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर होते. पानकाने नखशिखान्त भिजलेली कावेरी शेजारी होती. तिला हात घालता आला असता. तिने घातला नाही. इथे आपला हात चालला तर पोराला स्वतःचा हात कधीच आवरता येणार नाही, हे तिला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं.

हर्षची मूठ सुटली. त्याने तो हात जमिनीला टेकवून स्वतःला सावरलं.

आशयने जबड्यावरचे हात खाली घेतले. "मी गेल्या वर्षी बोललो ते," तो मराठीत म्हणाला. त्याने कावेरीकडे बघितलं, मग आपल्या आईकडे. "चुकलं माझं. ऊठ. तुझी टीम वाट बघतेय."

त्याने हात पुढे केला. हर्षने तो धरला आणि उठला. सूर्योदयच्या ढोलवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने एक जोरदार थाप मारली, आणि सगळं पटांगण एकदम ओरडलं. सचिव परत खुर्चीत बसले आणि त्यांनी रुमालाने मान पुसली.

हर्ष बाद होता. तो बाहेर बसला, पण त्याचं बसणं बदललं होतं. पाच नंबरने एक गुण आणल्यावर तो आत आला तेव्हा त्याच्या अंगावरून वर्षभराचं ओझं उतरल्यासारखं दिसत होतं. कावेरी पहिल्यांदा नीट बघत होती. तिचा पोरगा हसत हसत खेळत होता. घरी कधी इतका चपळ नसलेला, पाण्याचा तांब्याही हातात मागणारा हा पोरगा हवेत वळत होता, वाकत होता, चौघांच्या मधून पाण्यासारखा निसटत होता. त्याने दोन गुण आणले, मग भवानीने एक पकड केली. अंतर उरलं एका गुणाचं आणि चढाई उरली शेवटची.

हर्ष गेला. बोनसच्या रेषेपलीकडे त्याने पाय टाकला, पण पंचांनी मान हलवली: मागचा पाय टेकलेला होता, गुण नाही.

कावेरी उठून उभी राहिली. "ओ पंच, डोळे घरी ठेवून आलात काय?" ती ओरडली. कंडक्टरचा आवाज, वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला, सगळ्या पटांगणावर पसरला. "तुमच्या आईने तुम्हाला—"

कोणीतरी तिचा पदर ओढला. आशय होता.

"काकू," तो म्हणाला, "आईचं नको."

पुढच्या रांगेतल्या सगळ्या बायका हसत सुटल्या, कल्पनाताईंसकट, आणि कावेरी मटकन खाली बसली. मॅटवर हर्षने पंचांकडे बघितलंही नव्हतं. त्याचा दम चालू होता. उजव्या कोपऱ्यातल्याच्या अंगठ्याला त्याने पायाने शिवलं, तो वळताच दुसऱ्याने त्याचा घोटा धरला, तिसरा पाठीवर पडला. हर्ष आडवा झाला. दोघांचं वजन अंगावर घेऊन तो कोपरांवर सरकत गेला, आणि बोटांची टोकं मध्यरेषेपलीकडे पोचली तेव्हा त्याचा दम अजून तुटला नव्हता. तिघांशी त्याचा स्पर्श झाला होता. तीन गुण. भवानी दोनने जिंकला.

भीमसेन मॅटवर धावला आणि पुतण्याला उचलायला गेला, पण त्याच्या कमरेला ते झेपलं नाही. हर्षला उचललं ते सूर्योदयच्या दोघांनी, ज्यांच्या अंगावरून तो निसटला होता त्यांनीच. सचिवांनी चषक देताना त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जिल्ह्याच्या संघाच्या निवड चाचणीला ये म्हणून सगळ्यांदेखत सांगितलं.

हर्ष तो चषक घेऊन आईपाशी आला. तिची साडी गुळाच्या पाण्याने चिकट झाली होती, मुंग्या लागायच्या बेतात होत्या.

"अम्मा, कसं वाटलं?"

"मघाशी त्या पोराच्या मांडीत पडलास तेव्हा डावीकडे जागा होती," ती म्हणाली. "तिकडून का नाही वळलास?"

हर्ष आता जिल्ह्याच्या संघातून खेळतो. त्याच्यावरून मीठ-मिरच्या ओवाळणं कावेरीने सोडलेलं नाही, फक्त आता ती दोघं एकत्र घरी येतात आणि उंबऱ्यावर तिला आधी आत जाऊन मिरच्या आणाव्या लागतात. रामनवमीच्या स्पर्धेत आया येणं ही आता रीतच झाली आहे. पुढची रांग त्यांच्यासाठी मोकळी ठेवतात. कल्पनाताई त्यांतल्या एक, आणि नियमांवरून त्या पंचांशी फार हुज्जत घालतात, तीही इंग्रजीत. कावेरी प्रत्येक सामन्याला समोरच्या संघाच्या लोकांमध्ये जाऊन बसते. परक्या गावी गेलं तरी. तिथे कोणी तिला ओळखत नसलं, की शेजारच्या पोराला पेला भरून देते आणि विचारते, "तुझ्या बाजूचा सगळ्यांत चांगला खेळाडू कोणता, बाळ? मला नीट दाखव." आणि तो दाखवतो.